म्हशींच्या गादीचं मशीन

आईची कंबर धरली तेव्हा मी अकरावीत होते. ती त्याआधीही दुखत असणारच, पण आमच्या घरात बाईचं दुखणं डॉक्टरने सांगेपर्यंत दुखणं मानायची पद्धत नव्हती. कुळगावातल्या डॉक्टरांनी तिला टेबलावर पालथं झोपवलं, मणक्यांवर बोटं दाबून पाहिली आणि तिच्याशी न बोलता अण्णांना सांगितलं, "यापुढे वाकायचं काम बंद. नाहीतर एक दिवस वाकतील आणि तशाच राहतील." आईने पालथ्या-पालथ्याच विचारलं, "मग म्हशींचं कसं करायचं?" डॉक्टर म्हणाले, "वाकणारं माणूस ठेवा, नाहीतर म्हशी विकून टाका."

अण्णा म्हणजे माझे वडील. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ते मेंटेनन्सचे ऑफिसर होते. घरामागचा गोठा मात्र आईचा होता. पहिली म्हैस तिच्या माहेरून आली, तिच्या लेकी-नाती वाढत वाढत सहा म्हशी झाल्या. त्यांचं दूध आसपासच्या नोकरदार घरांत जायचं. अण्णा घरात गोठ्याला "तुझं डिपार्टमेंट" म्हणत आणि पाहुण्यांसमोर "आमची डेअरी" म्हणत. पाहुण्यांना दाखवायला ते गोठ्याच्या दारापर्यंत जायचे. त्यापुढे गेलेले मला आठवत नाहीत, कारण पुढे शेण असायचं.

वाकायचं काम म्हणजे नेमकं कुठलं, तेही सांगते. गोठ्याला दगडी फरशी होती. पावसाळ्यात आणि थंडीत म्हैस ओल्या फरशीवर बसली की तिचे गुडघे सोलवटतात, सड सुजतात, मग दूध जातं आणि कधीकधी म्हैसही जाते. म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येकीच्या खाली सुका पेंढा अंथरायचा आणि सकाळी भिजलेला ओढून काढायचा. सकाळचं मी कॉलेजला जाण्याआधी करायचे. संध्याकाळी मी क्लासला, त्यामुळे अंथरायचं काम आईकडे. परसातल्या उडवीतून, म्हणजे रचलेल्या गंजीतून, पेंढ्याचे भारे ओढून आणायचे, सोडायचे, झटकायचे आणि म्हशीच्या पोटाखाली हात घालून सारखे पसरायचे. उभ्याने नुसता फेकला तर पेंढ्याचे गोळे पडतात, म्हैस त्यातला निम्मा खाते आणि उरलेल्या निम्म्यावर बसत नाही.

डॉक्टरांकडून आलो त्याच रात्री जेवताना आईने मागणं घातलं. "संध्याकाळी तासभर एक माणूस बघा," एवढंच ती म्हणाली. तिला म्हशी विकायच्या नव्हत्या आणि कंबरही गमवायची नव्हती. माझ्या मते हे काही फार मोठं मागणं नव्हतं.

अण्णांनी भाताचा घास तसाच हातात ठेवून विचार केला. "माणसाचा भरवसा नाही," ते म्हणाले. "माणूस लग्नाला जातो, गणपतीला गावी जातो, आजारी पडतो. आपण मशीन घेऊ."

त्यांच्या कंपनीत कुठल्याही अडचणीवर मशीन आणायचे आणि मशीन अडलं की अण्णांना बोलवायचे. या व्यवस्थेत त्यांना मोठा मान होता, म्हणून घरातही तीच चालावी असं त्यांना मनापासून वाटे. शिवाय मशीन कुठलं घ्यायचं तेही त्यांच्या डोक्यात तयार होतं. कंपनीत एक परदेशी इंजिनियर आला होता. अण्णांनी त्याला घरी बोलावून श्रीखंड-पुरी खाऊ घातली आणि रिवाजाप्रमाणे गोठ्याच्या दारापर्यंत नेलं. त्या भल्या माणसाने परत गेल्यावर शेतीच्या यंत्रांचा एक जाडजूड कॅटलॉग पाठवला. त्यातल्या एका पानावर गोठ्यात पेंढा उडवणारं मशीन होतं. स्वच्छ गमबूट घातलेला एक माणूस त्याच्यामागे हसत उभा होता, सोनेरी पेंढा कारंज्यासारखा उडत होता आणि गाई इतक्या धुतलेल्या होत्या की त्यांना आमच्या बैठकीत बसवलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. अण्णांनी ते पान आईला दाखवलं. आईने विचारलं, "हा माणूस त्यांनी तासभर ठेवलाय का?" अण्णांनी कॅटलॉग मिटला.

पुढच्याच आठवड्यात आईने आपल्या परीने प्रश्न सोडवूनही टाकला. बारवीच्या रस्त्याला डोंगराखाली एक पाडा होता. तिथली एक बाई आमच्याकडे लाकडाची मोळी घालायला यायची. ती आईला म्हणाली, "मी टाकीन ना पेंढा, वयनी. पैसं नको मना, ह्यो खालचा केर दे राबाला." आमच्या भागात भाताचं रोप जिथे पेरायचं, त्या जागेवर आधी शेण, पालापाचोळा, जुना पेंढा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. या बाईकडे गुरं नव्हती, त्यामुळे राबाला तिला दरवर्षी रानातून पाला ओढून आणावा लागे. आमच्याकडे शेणामुताने भिजलेला पेंढा रोज निघायचा आणि त्याचा उकिरडा कुंपणाबाहेर पडायला आला होता. तिला केर हवा होता, आईला वाकणारं माणूस हवं होतं. दोघींचं अंगणात उभ्या-उभ्याच ठरलं. आई त्या दिवशी चहात साखर जास्त घालून बसली, इतकी ती खुशीत होती.

अण्णा संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी ते मोडलं. ओरडून-बिरडून नाही, अण्णा कधी ओरडत नसत. त्यांनी समजावून सांगितलं. "आज ठेवशील, पण मशीन आल्यावर तिला नको म्हणताना तुलाच वाईट वाटेल. गरीब बाई आहे. आणि तो जुना पेंढा असा वाटून टाकू नकोस, त्याचं काय करायचं ते आपण दुसऱ्या टप्प्यात ठरवू." पहिल्या टप्प्याचा पत्ता नव्हता, पण दुसरा टप्पा ठरलेला होता. आईने दुसऱ्या दिवशी त्या बाईला नाही सांगितलं आणि संध्याकाळी स्वतः वाकली.

मग निवड सुरू झाली. कंपनीत साधा पाना घ्यायचा तरी तीन कोटेशनं लागत, त्यामुळे मशीनलाही तीन हवीत असं अण्णांनी ठरवलं. अडचण एकच होती, की आपल्याकडे असं मशीन कुणी विकतच नव्हतं. कल्याणपासून कर्जतपर्यंत ज्या दुकानात विचारावं तो कडबाकुट्टी दाखवायचा. अण्णा शांतपणे सांगायचे की पेंढा कापायचा नाही, पसरायचा आहे. दुकानदार म्हणायचा, "साहेब, पसरायला मशीन कशाला?" असल्या लोकांना अण्णा "मागासलेले" म्हणत.

एका रविवारी ते मला घेऊन उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गेले. मी बरोबर होते ती कॅटलॉगमधलं इंग्रजी वाचून दाखवायला. अण्णांना इंग्रजी येत होतं, पण वाचून दाखवणारं कोणी बरोबर असलं की साहेब माणूस साहेब दिसतो. त्या गल्लीत पंखे, मिक्सर, घरगुती चक्क्या, शेवया पाडायची मशीनं फूटपाथपर्यंत मांडलेली असत. आम्ही शिरलो त्या दुकानात एक वयस्कर सिंधी गृहस्थ होते आणि गल्ल्यावर त्यांच्या बायको. गृहस्थांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि म्हणाले, "बन जाएगा साईं." अण्णांनी विचारलं, ड्रॉइंगशिवाय कसं बनेल? ते म्हणाले, "फोटो है ना."

त्यांच्या बायकोने नोटा मोजता मोजता मान वर केली. "अभी घास कौन डालता है?"

"मिसेस," अण्णा म्हणाले.

"तो उनको लाओ ना. सिलाई मशीन लेने आदमी अकेला आता है क्या? हाथ तो उसका चलना है."

अण्णा लहान मुलाच्या बोलण्यावर हसावं तसे हसले. परतताना रिक्षात म्हणाले, "बायकांना टेक्निकल बाजू कळत नाही." मी तेव्हा सायन्सला होते आणि त्याच रिक्षात त्यांच्या मांडीवरचा कॅटलॉग सांभाळत बसले होते. बहुधा हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

मी घरी येऊन आईला दुकानातल्या बाईचं बोलणं सांगितलं. पुढच्या रविवारी जेवणं लवकर आटपून ती इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन ओटीवर बसलेली दिसली. अण्णा चपला घालत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि खरोखरीच्या काळजीने म्हणाले, "अगं, तिथे चढ-उतार फार आहे. तुझी कंबर आहे ना." तिच्या कमरेसाठीचं मशीन बघायला तिने यायचं नव्हतं, कारण तिची कंबर दुखत होती. आईने साडी बदलली. मला त्या दिवशी अण्णांचा इतका संताप आला होता की रात्री मी जेवले नाही. मी का जेवले नाही हे अण्णांनी आईला विचारलं.

दुसरं कोटेशन अंबरनाथच्या मित्राचं. हे गृहस्थ पूर्वी अण्णांच्याच कंपनीत होते. मग नोकरी सोडून त्यांनी शिवमंदिराच्या बाजूला स्वतःचं वर्कशॉप टाकलं आणि कारखान्यांना ब्लोअर बनवून द्यायला लागले. ब्लोअर म्हणजे हवेच्या झोताने माल इकडून तिकडे नेणारा मोठा पंखा. मी त्यांना मनातल्या मनात ब्लोअरकाका म्हणायचे. जगातली कुठलीही वस्तू हवेने हलवता येते असा त्यांचा विश्वास होता. "कंपनीत आपण पावडर नेत होतो की नाही पाइपातून?" ते अण्णांना म्हणाले. "पेंढा म्हणजे काय, हलकी पावडरच." अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. तिसरं कोटेशन त्या परदेशी कंपनीकडे मागितलं. त्यांनी काही उत्तर पाठवलं नाही, म्हणून अण्णा त्यांना "जास्त दराचे" समजून चालले.

मग ब्लोअरकाका गोठ्याचं माप घ्यायला आले. ते रविवारी सकाळी उशिरा आले, कारण रविवारी लवकर उठायचं नसतं. त्या वेळी म्हशी उल्हास नदीवर डुंबायला गेलेल्या असत आणि आईने गोठा धुऊन काढलेला असे. दोघांनी स्टीलच्या टेपने लांबी घेतली, रुंदी घेतली, गव्हाणीपासून भिंतीपर्यंत मोकळी वाट किती ते घेतलं. वाट भरपूर निघाली. "चाकांवर मशीन आरामात फिरेल," ब्लोअरकाका म्हणाले. आई मागे कांदेपोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. दोघं टेप गुंडाळून बाहेर पडले आणि पोहे खाऊन गेले. तासाभराने म्हशी परत आल्या आणि आपापल्या खुंट्याला उभ्या राहिल्या.

पुढे जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पसरलं गेलं. निळ्या रेघा, बाण, बाणांच्या टोकांना आकडे. आईने त्यावर वाकून, म्हणजे वाकायचं नसताना वाकून, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात म्हैस कुठे उभी राहते?"

"वहिनी, हा प्लॅन आहे. वरून बघायचा असतो," ब्लोअरकाका म्हणाले.

"वरून म्हैस दिसत नाही का?"

"जनावर मूव्हेबल असतं," अण्णांनी निकाल दिला. आई चहा टाकायला आत गेली.

हे सगळं एका महिन्यात झालं असं कुणाला वाटेल. नाही. मी बारावी झाले, कॉलेज संपवलं, मला अंबरनाथला एका ऑफिसात नोकरी लागली, अण्णांनी कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली, तरी निवड चालूच होती. मोटर कुठली घ्यायची, चाकं रबरी की लोखंडी, तोंड गोल की चौकोनी, रंग हिरवा की निळा. निवृत्तीनंतर तर अण्णांना दिवसभर वेळ होता आणि तो सगळा त्यांनी आईच्या कमरेसाठी दिला. ते ओटीवर बसून कंपन्यांची माहितीपत्रकं वाचत, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आई कमरेला पट्टा बांधून उडवीतून भारे ओढत गोठ्यात जाई. पट्टा डॉक्टरांनी दिला होता. तो बांधला की वाकायला जास्त त्रास होई, म्हणून पेंढा टाकताना ती तो सोडून खुंटीला अडकवत असे.

एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, मशीन येईपर्यंत तुम्ही टाका ना पेंढा."

अण्णांनी चष्मा काढला. त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. "मी पेंढा टाकत बसलो तर मशीनचं कोण बघणार?" ते म्हणाले.

मशीन शेवटी आलं ते ऐन आषाढात, टेंपोतून, ताडपत्रीखाली. हिरवा रंग, पोटासारखं गोल पिंप, वर पेंढा टाकायचं तोंड, पुढे हत्तीच्या सोंडेसारखा पाइप, खाली रबरी चाकं. अण्णांनी त्याला झेंडूचा हार घातला. आईने हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि हात जोडून उभी राहिली. तिने मनापासून हात जोडले होते, तेही मी पाहिलं. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर तिलाही वाटायला लागलं होतं की कदाचित होईल.

पण पावसाळ्यात म्हशी नदीवर जात नाहीत. नदी तेव्हा कुळगावच्या पायरीशी आलेली असते. त्यामुळे सहाच्या सहा म्हशी आत होत्या, आणि त्यांच्या खाली पेंढा सर्वांत जास्त लागतो तोही नेमका याच दिवसांत, कारण तेव्हा त्या दिवसभर आत असतात. मोकळी वाट म्हणून जी मापली होती तिच्यात म्हशींचे सहा भलेमोठे पार्श्वभाग एका ओळीत उभे होते. ब्लोअरकाकांनी मशीन दारातून आत लोटलं. ते पहिल्या म्हशीला टेकलं. तिने मागे वळून पाहिलं आणि शेपटी झटकून त्यांच्या शर्टावर शेणाची नक्षी काढली.

"यांना जरा सरकवा ना," ब्लोअरकाका म्हणाले.

"कुठे?" आईने विचारलं.

मग ठरलं की मशीन दारातच ठेवायचं आणि झोत आत मारायचा. अण्णांनी बटण दाबलं. तो आवाज शब्दांत सांगता येणार नाही. शेजारचे लोक खिडकीत आले, कुत्री ओरडायला लागली आणि सहा म्हशींनी एकदम दावी ताणली. दोघींची तुटली. पेंढा उडाला हे मात्र खरं. तो वाशांवर गेला, खिडकीच्या गजांत गेला, दुधाच्या चरवीत गेला, आईच्या केसांत गेला. म्हशींच्या खाली सोडून सगळीकडे गेला. मग आमचा भाताचा लांब पेंढा पंख्याच्या पात्यांना दोरासारखा गुंडाळला आणि मशीन गुरगुरून बंद पडलं. ब्लोअरकाका आतला पेंढा ओढून काढत म्हणाले, "फीडिंगचा प्रॉब्लेम आहे." अण्णा म्हणाले, "जनावरांना सवय नाही." दोघांपैकी कुणीही असं म्हणालं नाही की हे मशीन इथे चालणार नाही.

त्या संध्याकाळी म्हशींनी पान्हा चोरला. घाबरलेली म्हैस दूध वर ओढून धरते, कितीही ओढा, थेंब देत नाही. आई एकीकडून दुसरीकडे जात त्यांच्या पाठी थोपटत होती, कानांच्या मागे खाजवत होती, हळू आवाजात काहीतरी बोलत होती. बऱ्याच वेळाने माहेरच्या म्हशीच्या नातीने पान्हा सोडला. बाकीच्यांनी नाहीच सोडला. गिऱ्हाइकांना आईने सांगितलं, आज दूध नाही, घरात कार्य होतं.

पुढचे दोन महिने सुधारणांचे गेले. पेंढा लांब आहे म्हणून तो कापून द्यायचा ठरलं आणि त्यासाठी कॅम्प एकमधल्या त्याच दुकानातून कडबाकुट्टी आणली गेली, जी अण्णांना वर्षानुवर्षं जो-तो दाखवत होता. चाक फिरवायचं काम आईचं. "यात वाकावं लागत नाही," अण्णांनी समजावलं, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. चाक उभ्यानेच फिरवायचं होतं. मात्र कापलेला पेंढा टोपलीत भरायला वाकायचं होतं, टोपली उचलायला वाकायचं होतं, मशीनने भलतीकडे उडवलेला पेंढा झाडून परत आणायला वाकायचं होतं, आणि शेवटी म्हशींच्या खाली तो पसरायला पहिल्यासारखंच वाकायचं होतं. पूर्वी ती संध्याकाळी तासभर वाकायची, आता दुपारपासून वाकत होती. आलागेला मात्र अण्णांचं मशीन बघून कौतुक करून जात होता.

भाद्रपदात एका संध्याकाळी मी ऑफिसातून घरी आले. गोठ्यात दिवा होता. आई माहेरच्या म्हशीच्या नातीजवळ अर्धी वाकलेली होती. एक हात म्हशीच्या पाठीवर, दुसऱ्यात पेंढ्याची मूठ. आईला ना उभं राहता येत होतं, ना खाली बसता येत होतं. म्हैस जराही हलली नव्हती. आई म्हणाली, "किती वेळ झाला कोण जाणे. हाक मारली मी, पण मशीनचा आवाज होता." मशीन परसात चालू होतं. अण्णा आणि ब्लोअरकाका नव्या पात्यांची ट्रायल घेत होते.

तिला फळीवर झोपवलं. डॉक्टर आले, आणि या वेळी त्यांनी अण्णांकडे पाहिलंही नाही. मी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचं पेंढ्याचं काम करायला लागले आणि एका रविवारी पाड्यावर जाऊन त्या बाईला विचारून आले. ती अंगणात भात पाखडत होती. तिने मला पाणी दिलं. म्हणाली, "तवाच व्हयला पायजे व्हतं, ताई. आता वांगणीच्या एका गोठ्यावर जातंय मी. त्यांचा केर आमच्या राबाला येतोय. शबूद दिलाय तिकडं." तिची काही चूक नव्हती. आईच्या कमरेचं विचारून तिने मला रानातली करटोली बांधून दिली.

घरी आले तर आईने निर्णय घेऊन टाकला होता. कल्याणकडच्या एका तबेलेवाल्याला तिने निरोप धाडला. तो आला, म्हशी बघून आला, तिच्या फळीशेजारी स्टुलावर बसून चहा प्यायला आणि कप खाली ठेवायच्या आत व्यवहार झाला. अण्णा गडबडले. "अगं, निदान तीन ठिकाणी विचारायचं होतंस," ते म्हणाले. आईने भिंतीकडे तोंड केलं.

म्हशी गेल्या त्या दिवशी ती माझ्या खांद्याला धरून मागच्या दारापर्यंत आली. पाच जणी फळीवरून टेंपोत चढल्या. माहेरच्या म्हशीची नात चढेना. आईने तिला लांबूनच हाक मारली, "जा बाई, जा," आणि ती चढली. मला रडू आलं ते मी आवरलं नाही. आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. टेंपो रस्त्याला लागल्यावर तिने विचारलं, "दूध आता कुठून घ्यायचं आपण?"

त्यानंतरच्या एका रविवारी ब्लोअरकाका आले. नवी पाती बसली होती, आवाज कमी करायला आत काहीतरी अस्तर लावलं होतं. दोघं मशीन घेऊन गोठ्यात गेले. वाट रिकामी होती, गोठा रिकामा होता, आणि ड्रॉइंगमध्ये होतं तसं सगळं होतं. मशीन रबरी चाकांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात फिरलं. थोड्या वेळाने अण्णांची हाक आली, "अगं, इकडे ये. बघ तरी."

आई पट्टा बांधून, भिंत धरत-धरत गेली. मी मागे होते. खरं सांगायचं तर पेंढा सुरेख पडला होता. गव्हाणीपासून भिंतीपर्यंत एकसारखा, कुठे गोळा नाही, कुठे फरशी दिसत नाही. तिने आयुष्यात कधी इतका सारखा टाकला नसेल. अण्णा घामाने भिजले होते आणि लहान मुलासारखे खूश होते. "आहे की नाही?" ते म्हणाले. "मी म्हणत होतो ना?"

आईने चपला बाहेर काढल्या. ती आत गेली, माहेरच्या म्हशीच्या नातीचा खुंटा होता तिथे थांबली आणि पायाने पेंढा दाबून पाहिला. मग खुंट्याचा आधार घेत हळूहळू खाली बसली आणि तिथेच कुशीवर आडवी झाली. ब्लोअरकाकांनी मशीन बंद केलं.

"अगं, हे काय करतेस?" अण्णा म्हणाले.

"चांगला पडलाय," आई म्हणाली. बराच वेळ ती तशीच पडून राहिली. मग तिने हात वर केला. "आता उठवा मला. माझी मला उठता येणार नाही."

मी पुढे व्हायला निघाले तर तिने मानेनेच मला नको म्हटलं. अण्णांनी एकदा ब्लोअरकाकांकडे पाहिलं, एकदा मशीनकडे पाहिलं. मग ते पेंढ्यात शिरले, तिच्या दोन्ही काखांखाली हात घातले आणि खाली वाकले. त्यांची कंबर अगदी सहज वाकली.